चार्जस्पॉट: टोकियोत भाड्याने मिळणारी पॉवर बँक

जपानमधली ही सेवा टोकियोत कामानिमित्त किंवा फिरायला जाणाऱ्या मराठी मंडळींनी माहीत करून घ्यावी. लॉसन, फॅमिलीमार्टसारख्या दुकानांत आणि स्टेशनांवर यंत्रं दिसतात. ॲपमध्ये पैसे भरायची सोय आधी जोडून ठेवायची, यंत्रावरचा क्यूआर स्कॅन करायचा, की खणातून पॉवर बँक बाहेर येते. वायर तिलाच जोडलेली असते, त्यामुळे आपली केबल लागत नाही.

सगळ्यात चांगली गोष्ट परतीची: टोकियोत घेतलेली ओसाकात ठेवली तरी चालते.

क्षमतेबद्दल मात्र गैरसमज नको. या पॉवर बँकेचा ५००० एमएएच (मिलिअँपिअर-तास, बॅटरीच्या क्षमतेचं माप) हा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा, म्हणजे १८.५ वॉट-तास. फोनकडे वीज ५ व्होल्टने जाते, आणि ५ व्होल्टला हेच ३७०० एमएएच होतात. त्यातही काही भाग उष्णतेत जातो. मोठ्या बॅटरीचा फोन शून्यापासून पूर्ण भरेल ही अपेक्षा चूक. फोन १५-२० टक्क्यांवर आला की लगेच घ्या, कारण फोन बंद पडला तर स्कॅन कशाने करणार?

खरी अडचण येते ती परत करताना. संध्याकाळी गर्दीच्या स्टेशनात यंत्राचे सगळे खण भरलेले असू शकतात आणि भाड्याचं मीटर चालूच राहतं. निघण्यापूर्वी ॲपच्या नकाशावर रिकामे खण पाहा. पॉवर बँक पूर्ण आत ढकला आणि परतीची नोंद ॲपमध्ये दिसेपर्यंत तिथून हलू नका.