डिजिटल काटा, ३०० ग्रॅम क्षमतेचा: महाडला बरोबर, महाबळेश्वरला कमी

महाडच्या कनिष्ठ महाविद्यालयात मी भौतिकशास्त्र शिकवते. प्रयोगशाळेसाठी ऑनलाइन मागवलेल्या, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या डिजिटल काट्याबद्दल लिहितेय. कंपनीचं नाव देत नाही. या किमतीतले काटे आतून बरेचसे सारखेच निघतात.

आधी जाहिरातीबद्दल. ‘फॅक्टरी कॅलिब्रेटेड, पुन्हा कॅलिब्रेशनची गरज नाही’ असं ठळक अक्षरात लिहिलंय. कॅलिब्रेशन म्हणजे माहीत असलेलं वजन ठेवून काट्याचा आकडा जुळवणं. साफ थाप. ताटलीखाली ॲल्युमिनियमचा छोटा ठोकळा असतो, लोड सेल म्हणतात तो. वस्तू ठेवली की तो केसभर वाकतो, त्यावर चिकटवलेल्या गेजचा, म्हणजे ताण ओळखणाऱ्या पट्टीचा, विद्युत रोध बदलतो आणि त्यावरून आकडा निघतो. म्हणजे काट्याला कळतं ते फक्त बल, न्यूटनमधलं. पडद्यावर ग्रॅम उमटतात, कारण जिथे कॅलिब्रेट केला तिथलं गुरुत्वत्वरण, म्हणजे पृथ्वीच्या ओढीचं माप, त्याने धरून ठेवलेलं असतं. दिल्लीत कॅलिब्रेट केलेला काटा महाडला आणला, तर २०० ग्रॅममागे सुमारे एक दशांश ग्रॅम कमीच दाखवणार. विषुववृत्ताकडे सरकावं तसं गुरुत्वत्वरण घटतं: ध्रुवावर ९.८३, विषुववृत्तावर ९.७८ मीटर प्रति सेकंद वर्ग.

उंच गेलं तरी ते घटतं. तो फरक पाहायला आम्ही काटा महाबळेश्वरला नेला. महाडला २०० ग्रॅमच्या एफ-टू या अचूकता-वर्गाच्या वजनाने कॅलिब्रेट केला. या वर्गात २०० ग्रॅमला ३ मिलिग्रॅमचीच सूट असते, म्हणजे काट्याच्या शेवटच्या आकड्याच्याही आत. मग आंबेनळी घाट चढून वर. खोलीत काटा चालू करून अर्धा तास तसाच ठेवला, कारण गारठ्यानेही लोड सेल आकडा हलवतो. त्यानंतर तेच वजन ठेवलं: १९९.९३. मधूनच १९९.९४. नुसती साडेतेराशे मीटरची उंची धरली तर ०.०८ ग्रॅमची घट यायला हवी. पण पायाखाली अख्खा सह्याद्री आहे, तोही थोडं खाली ओढतो, म्हणून घट जरा कमी. तापमानाचा वाटा यात नाहीच, असं मी छातीठोक सांगणार नाही. खाली आणल्यावर मात्र पुन्हा २००.०० दिसलं.

सोबत सोनाराचा ताजवा नेला होता. दोन्ही पारड्यांत ५०-५० ग्रॅम, ताजव्याचा काटा महाडला मध्यावर, महाबळेश्वरलाही मध्यावर. गुरुत्वाकर्षण दोन्ही पारड्यांना सारखंच ओढतं, त्यामुळे ताजवा वस्तुमानाची तुलना करतो आणि त्याला घाटाशी देणंघेणं नाही. मुलं चंद्रावरचा एक षष्ठांश तोंडपाठ म्हणतात. पण १९९.९३ पाहिल्यावर जी कुजबुज झाली, ती त्या षष्ठांशावर कधी झाली नव्हती.

आता तक्रारी. डब्यात कॅलिब्रेशनचं वजन नाही! कॅल बटण दिलंय, ते दाबलं की पडद्यावर ‘२००’ लुकलुकतं, आणि ठेवायला काही नाही. प्रमाणपत्रासकट वजन वेगळं घ्यावं लागलं, त्याची किंमत जवळजवळ काट्याएवढीच. पाणसळीचा बुडबुडा मागच्या कोपऱ्यात आहे, वाकून पाहावं लागतं. पंखा चालू असला की शेवटचा आकडा थांबत नाही. वाऱ्यापासून आडोसा म्हणून आलेलं प्लॅस्टिकचं झाकण हलकं आहे, तेच थरथरतं. ॲडॅप्टरची पिन सैल.

महागड्या काट्यांत आतच वजन असतं आणि ते आपोआप कॅलिब्रेट करतात, पण ती किंमत आमच्या प्रयोगशाळेला झेपणारी नाही.

प्रयोगशाळेसाठी घ्या, वजनाचे पैसे आधीच धरून. दुकानासाठी नको. विक्रीत वापरायच्या इलेक्ट्रॉनिक काट्याला वैधमापन विभागाची पडताळणी आणि मुद्रांकन दरवर्षी लागतं, आणि यावर मॉडेल मान्यतेचा क्रमांकच छापलेला नाही.