गंबोरोची लस: पाण्यातून द्यावी, की हॅचरीतूनच टोचून आणावी?

शेड स्वतःचं, पिल्लं स्वतः विकत घेतलेली आणि भाव पडला तर फटकाही स्वतःलाच, अशा ब्रॉयलर-लेअरवाल्यासाठी हे लिहितोय. करारावर पक्षी वाढवणाऱ्याच्या हातात हा निर्णय बहुधा नसतो, लस कंपनीच ठरवते. पण पिल्लांना काय टोचलंय एवढं त्यानेही विचारून ठेवावं. का, ते पुढे येईलच.

गंबोरो हा कोंबड्यांचा विषाणूजन्य आजार, आणि त्यातलं भांडण सगळं बर्साचं आहे. कोंबडीच्या विष्ठामार्गावर, पाठीच्या अंगाला, बोराएवढी एक गाठ असते. प्रतिपिंडं तयार करणाऱ्या पेशी तिथे वाढतात. बर्सा काढून टाकलेले पक्षी प्रतिपिंडं नीट तयार करू शकत नाहीत, हे अमेरिकेत ब्रूस ग्लिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ साली दाखवलं. गंबोरोचा विषाणू नेमका याच पेशींवर पडतो. तीन ते सहा आठवड्यांच्या वयात आला तर मरतुक दिसते: दोन-तीन दिवस आकडा झपाट्याने चढतो, आठवड्याभरात उतरतो. तीन आठवड्यांच्या आत आला तर मरतुक फारशी दिसत नाही, पण बर्सा कायमची खराब होते. मग लासोटा (राणीखेतची लस) नीट लागू पडत नाही, ई. कोलाय हटत नाही, वजन मागे राहतं, आणि आपण औषधं बदलत बसतो.

आता पर्याय. पाण्यातल्या लसीत दोन प्रकार: इंटरमीडिएट आणि तिच्याहून कडक इंटरमीडिएट प्लस. हॅचरीत टोचायच्या लसीतही दोन: इम्यून कॉम्प्लेक्स आणि व्हेक्टर.

पाण्यातली लस स्वस्त, आणि सूत्रं आपल्या हातात. अडचण तारखेची आहे. पिल्लाच्या अंगात आईकडून आलेली प्रतिपिंडं असतात आणि ती लसीचा विषाणूही मारतात. ब्रॉयलरमध्ये ही प्रतिपिंडं साधारण तीन-साडेतीन दिवसांनी निम्मी होतात, लेअरमध्ये त्याहून सावकाश. एलायझाची (रक्तातली प्रतिपिंडं मोजणाऱ्या चाचणीची) पातळी १२५ च्या आसपास उतरली की इंटरमीडिएट लागू पडते; प्लस ५०० च्या आसपासही लागू पडते, म्हणजे तिला बरेच दिवस आधी वाट मिळते. पहिल्या आठवड्यात अठरा-वीस पिल्लांचं रक्त तपासून डेव्हेंटर सूत्राने दिवस काढता येतो. प्रत्यक्षात चौदावा दिवस ठरलेला असतो आणि रक्त कोणी काढत नाही. एकाच लॉटमध्ये दोन-तीन ब्रीडर (आई-बापांच्या) कळपांची पिल्लं असली की चौदावा दिवस काहींना लवकर होतो, काहींना उशीर. प्रतिपिंडं कमी असलेल्या पिल्लाला प्लस फार लवकर दिली तर ती स्वतःच बर्सा दुखावते. आणि पाणी देणं जमलं पाहिजे: क्लोरीन नको, लिटरला अडीच ग्रॅम स्किम मिल्क पावडर, थोडी तहान लावून दोन तासांत सगळं संपवायचं. तरी कोपऱ्यातली चार पिल्लं पीत नाहीतच.

इम्यून कॉम्प्लेक्समध्ये लसीचा विषाणू प्रतिपिंडांत गुंडाळलेला असतो. अंड्यात अठराव्या दिवशी किंवा एक दिवसाच्या पिल्लाला मानेच्या कातडीखाली देतात. ज्या पिल्लाची आईकडची प्रतिपिंडं जेव्हा उतरतील, तेव्हा त्याच्यात हा विषाणू मोकळा होतो. तारखेचा घोळ इथे मिटतो, आणि मिश्र लॉटसाठी मला हाच मोठा फायदा वाटतो. लसीचा विषाणू बर्सात जागा धरून बसतो, त्यामुळे बाहेरच्याला शिरकाव अवघड. किंमत अशी की वापरलेला वाण बहुधा कडक असतो आणि बर्सा काही काळ आक्रसते. नंतर ती काही प्रमाणात भरून येते.

व्हेक्टरमध्ये टर्कीच्या निरुपद्रवी हर्पिस विषाणूत गंबोरोच्या एका प्रथिनाचं जनुक घातलेलं असतं. गंबोरोचा जिवंत विषाणू नाहीच, त्यामुळे बर्सा शाबूत राहते, आणि मॅरेक्स या कोंबड्यांच्या दुसऱ्या विषाणूजन्य आजाराचं संरक्षणही त्याच टोच्यात मिळतं. पण संरक्षण सावकाश चढतं, आणि बर्साची जागा मोकळीच असते. शेडमध्ये जहाल विषाणू भरपूर असेल तर तो आधी पोहोचू शकतो. ही लस द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवावी लागते, वितळवल्यावर तासा-दोन तासांत संपवावी लागते. हॅचरी ढिली असेल तर पैसे पाण्यात. टर्की हर्पिसवर बेतलेल्या दोन वेगळ्या व्हेक्टर लसी एकत्र देत नाहीत, एक दुसरीला दाबते. नेहमीच्या एलायझा किटवरही हिची प्रतिपिंडं नीट दिसत नाहीत. 'टायटर (प्रतिपिंडांची पातळी) आला नाही, लस फेल' म्हणण्याआधी किट कोणतं ते बघा.

अठ्ठाविसाव्या दिवशी चार-पाच पक्षी फोडून बर्सा आणि स्प्लीन (प्लीहा) शेजारी ठेवायची सवय असते: बर्सा मोठी तर ठीक. हा ठोकताळा लस माहीत नसताना फसवतो. कॉम्प्लेक्स किंवा प्लस दिलेल्या लॉटमध्ये त्या वयाला बर्सा लहान दिसणं अपेक्षितच आहे. व्हेक्टरच्या लॉटमध्ये मात्र लहान बर्सा म्हणजे बाहेरचा विषाणू आत आल्याचा दाट संशय. मांडीच्या स्नायूत रक्ताचे ओरखडे, सुजलेली, पिवळट चिकट थर धरलेली बर्सा असेल तर कोणतीही लस असो, तो आजारच. पावसाळ्यातल्या बुरशी लागलेल्या मक्याचं अफ्लाटॉक्सिनही बर्सा आणि थायमस दोन्ही आक्रसवतं. त्याचा दोष लसीवर ढकलू नये. 'इम्युनिटी बूस्टर'च्या बाटल्यांनी मेलेली बर्सा उगवत नाही, हेही इथेच सांगून टाकतो.

माझा कौल असा. लेअरच्या पिल्लाला मॅरेक्सची लस हॅचरीत द्यावीच लागते, त्यामुळे व्हेक्टरचा जादा खर्च तितका बोचत नाही, आणि वर्षभराहून जास्त जगणाऱ्या पक्ष्याची बर्सा जपणं परवडतं. ब्रॉयलरमध्ये शेडवर मागे गंबोरो येऊन गेला असेल, दोन बॅचमध्ये अंतर कमी पडत असेल, तर इम्यून कॉम्प्लेक्स. या विषाणूला बाहेरचं आवरण नाही, त्यामुळे साध्या जंतुनाशकांना तो दाद देत नाही आणि रिकाम्या शेडमध्येही महिनोन्‌महिने टिकतो. नवीन शेड, एकाच ब्रीडर कळपाची पिल्लं आणि आजूबाजूला फार्म नाहीत, तिथे पाण्यातली इंटरमीडिएट पुरते; फक्त रक्त तपासून दिवस ठरवा. प्लस मी पहिली निवड म्हणून घेणार नाही. आजार नेहमीचाच असलेल्या भागात, हॅचरीत टोचलेली पिल्लं मिळत नसतील तरच.

पिल्लं बुक करताना हॅचरीला दोन गोष्टी विचारा: ब्रीडरला गंबोरोची किल्ड (मेलेल्या विषाणूची) लस शेवटची कधी दिली, आणि पिल्लाला काय टोचलंय. कॉम्प्लेक्स टोचलेलं असेल, तर चौदाव्या दिवसाची बाटली फ्रीजमध्येच राहू द्या.