एक्स२२०: आय७ बघून घेतला, पडदा विचारलाच नाही

थिंकपॅड एक्स२२० हा लॅपटॉप आठ महिने रोज वापरून मग लिहितोय. निमित्त ताईचं. ती राहायला आली, तिचा एक्स२२० माझ्या शेजारी उघडला आणि मी इतके दिवस भलत्याच गोष्टीवर खूश होतो हे कळलं.

माझा प्रोसेसर आय७-२६४०एम, तिचा आय५-२५२०एम. वापरलेला घेताना मी आय७वर अडून बसलो होतो. दोन्हींत कोअर दोनच, थ्रेड चारच. २.५ऐवजी २.८ गिगाहर्ट्झ आणि एक एमबी जास्त कॅशे, एवढंच. दोन्हींत एसएसडी आणि ८ जीबी रॅम आहे, लिनक्स आहे. रोजच्या कामात काडीचा फरक जाणवत नाही.

फरक आहे तो पडद्यात. माझा टीएन, म्हणजे वरून-खालून बघितलं की रंग पालटणारा; तिचा आयपीएस, कुठूनही बघा, रंग तोच. रिझोल्यूशन दोन्हींचं १३६६ बाय ७६८, त्यामुळे जाहिरातीत दोन्ही एकच दिसतात.

मी मुद्रितशोधन करतो. शंकेच्या जागी फिकट पिवळी खूण करून ठेवतो. टीएनवर ती मधल्या ओळींत नीट दिसते, खालच्या ओळींत पांढऱ्यात विरून जाते. पडदा मागे झुकवला की खालचं दिसतं आणि वरचं काळवंडतं. दिवसभर हेच. एकदा ‘दिन’चं ‘दीन’ झालेलं मी खुणेनं धरलं होतं, पण ती ओळ तळाशी होती. खूण दिसलीच नाही, फाइल तशीच पुढे गेली. दोष मी डोळ्यांना देत होतो, चष्म्याचा नंबरही तपासून आलो. ताईच्या पडद्यावर तीच फाइल उघडली, तर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत पिवळा तो पिवळाच.

विक्रेत्याला फोन केला. ‘सगळ्यात वरचं मॉडेल’ म्हणून त्यानंच दिला होता. त्याचं एकच उत्तर, ‘स्क्रीन चालू आहे ना?’ पॅनेल कुठलं हे लिहायची त्याला गरज वाटली नव्हती, याचा मला अजून राग आहे.

आय७ फुकट गेला असंच इथे लिहिणार होतो. पण ताईनं स्कॅन केलेली पुस्तकं बाहेरच्या डिस्कवर घ्यायला सुरुवात केली आणि मत थोडं बदललं. एक्स२२०मध्ये यूएसबी ३.० हा वेगवान पोर्ट फक्त आय७वाल्यात आहे. तिची कॉपी रखडत चालली होती, माझी कधीच आटोपली. बाजूच्या खाचेत एक्सप्रेसकार्ड नावाचं जोडकार्ड टाकून तिला ३.० मिळेल, पण ते बाजूला लटकणारं आणखी एक लोढणं. रोज मोठ्या फाइली हलवत असाल तर आय७ जरूर घ्या. पुढच्या मॉडेलमध्ये, एक्स२३०मध्ये, ३.० आलं, पण कीबोर्ड सात ओळींचा सहा ओळींवर आला. मला तो नको.

शेवटी आयपीएस पॅनेल मिळवून स्वतः बसवलं. बॅटरी काढली, चौकटीचे स्क्रू सोडवले, कनेक्टर तोच असल्यानं सरळ बसलं. पहिली उघडली ती ‘दीन’वाली फाइल. खूण तळाशी होती, तिथेच, ठळक.

तुम्ही घेणार असाल तर विक्रेत्याकडे दोन फोटो मागा. पडद्यावर फिकट पिवळं पान उघडलेलं, एक फोटो वरून काढलेला, एक खालून. रंग पालटला तर ते टीएन आहे.