धुवायचं घरी, सुकवायचं लाँड्रोमॅटमध्ये: रत्नागिरीतल्या एका पावसाळ्यानंतरचं मत

घरात मशीन आहे, विहिरीला पाणी आहे, मग बाहेर पैसे मोजून कपडे कशाला धुवायचे, असं आमच्याकडे सगळ्यांचंच म्हणणं होतं. जूनपासून आता डिसेंबरपर्यंत घरचं मशीन आणि शहरातलं लाँड्रोमॅट (पैसे देऊन तिथली धुण्या-सुकवण्याची मशीन वापरायची, असं दुकान) दोन्ही वापरल्यावर माझं मत पक्कं झालंय. कोकणात कपडे धुणं अवघड नाहीच, ते सुकवणं अवघड आहे. त्यामुळे लाँड्रोमॅटच्या वॉशरची मला क्वचितच गरज पडते. त्यांच्या ड्रायरशिवाय मात्र यापुढे पावसाळा काढायची माझी तयारी नाही.

आधी घराची कल्पना देते, म्हणजे तुमच्या घराशी ताडून बघता येईल. आम्ही रत्नागिरी शहराला लागून राहतो. सासू-सासरे, आम्ही दोघं आणि दोन शाळकरी मुलं. घरी साडेसात किलोचं टॉप लोड मशीन आहे, त्याला हीटर नाही. ह्यांचा बर्फाचा व्यवसाय असल्यामुळे मिरकरवाडा बंदरावर रोजची ये-जा, म्हणजे कपड्यांना मासळीचा वास आलाच. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेवढाच काय तो आराम. ऑगस्टमध्ये होड्या पुन्हा समुद्रात जातात तेव्हा पाऊस असतोच, आणि पाठोपाठ गणपती येतात.

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पण कपड्यांचा खरा वैरी पाऊस नव्हे, हवेतला दमटपणा. साधं गणित आहे. २७ अंश तापमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त २५-२६ ग्रॅम बाष्प मावतं. जुलैत ती हवा आधीच नव्वद टक्के भरलेली असते, म्हणजे कपड्यांतलं पाणी घ्यायला अडीच ग्रॅमची जागा उरते. मशीनभर पिळलेल्या कपड्यांत दोन-तीन लिटर पाणी सहज असतं. ते जाणार कुठे? पंखा लावला की हवा हलते, तिची जागा दुसरी तितकीच दमट हवा घेते. हीच हवा ६० अंशांपर्यंत तापवली तर तिच्यात सुमारे १३० ग्रॅम बाष्प मावू शकतं. ड्रायर एवढंच करतो: हवा तापवतो, कपड्यांतून फिरवतो आणि ओली हवा नळकांड्यातून बाहेर सोडतो.

पूर्वी हे काम चूल करायची. सासूबाई सांगतात, त्यांच्या माहेरी चुलीच्या वर वलणी बांधलेली असायची आणि आषाढात बाळाची दुपटी तिथे सुकायची. धुराचा वास यायचा, पण कपडा कोरडा मिळायचा. गॅस आला, चूल मागच्या पडवीत गेली आणि नंतर बंदच झाली. आता आम्ही बंद खोलीत दोऱ्या बांधतो. कपड्यांतलं पाणी मग भिंतीत, कपाटात आणि पुस्तकांत जातं. आमच्या आतल्या खोलीच्या भिंतीला दर वर्षी बुरशी यायची. या वर्षी त्या खोलीत एकही ओला कपडा टांगला नाही आणि बुरशी कोपऱ्यापुरतीच राहिली. लाँड्रोमॅटचा हा फायदा जाहिरातीत कुणी लिहीत नाही, पण माझ्या लेखी तो सगळ्यात मोठा आहे.

दुसरा फायदा कुबट वासाचा. २०१२ साली जपानी संशोधकांनी या वासाला कारणीभूत असलेला जिवाणू शोधला, त्याचं नाव मोराक्सेला ओस्लोएन्सिस. कपडा हळूहळू सुकतो तेव्हा तो वाढतो आणि साध्या धुण्याने पूर्ण जात नाही. म्हणून तर पावसाळ्यात धुतलेला टॉवेल कोरडा असताना बरा वाटतो आणि अंग पुसायला घेतला की लगेच वास मारतो. जास्त पावडर टाकून हे सुटत नाही. उलट न निघालेला साबण जिवाणूंना आणखी सोयीचा. आमचे टॉवेल एकदा लाँड्रोमॅटमध्ये ६० अंशांच्या गरम पाण्यात धुऊन तिथेच पूर्ण सुकवले आणि तो वास गेला. पुढे घरी धुऊन फक्त ड्रायरला नेले तरी परत आला नाही. टॉवेलना सॉफ्टनर मात्र लावू नका. त्याचा थर बसतो आणि टॉवेल पाणी टिपेनासा होतो.

गजकर्ण, नायटा ज्यांच्या घरात आहे त्यांनी तर गरम पाण्याच्या धुण्याचा जरूर विचार करावा. पावसाळ्यात आपल्याकडे कित्येक घरांत कुणाला तरी हा त्रास असतो. दमट आतले कपडे घालणं हे त्याचं मोठं कारण, आणि थंड पाण्यात बुरशीचे कण पूर्ण मरत नाहीत. रुग्णाचे कपडे वेगळे ठेवा, ६० अंशांना धुवा, कडकडीत सुकवा. ज्या मशीनला हीटर नाही त्याने हे होत नाही. इथे वॉशरचे पैसे द्यायला माझी अजिबात हरकत नाही.

आता पद्धत सांगते. कपडे घरी धुवायचे आणि निघायच्या आधी मशीनमध्ये पुन्हा एकदा नुसतं पिळून घ्यायचे. घरच्या टॉप लोडचा पिळण्याचा वेग साधारण मिनिटाला ७०० फेऱ्यांचा असतो, लाँड्रोमॅटमधल्या फ्रंट लोडचा हजार ते चौदाशे. त्यामुळे आपले कपडे तिथल्या कपड्यांपेक्षा ओले असतात आणि ड्रायरला जास्त वेळ लागतो. दुसऱ्या पिळण्याने फरक पडतो. ड्रायर अर्ध्याच्या थोडा वरपर्यंत भरायचा. खालीवर पडायला जागा नसेल तर मधला गठ्ठा ओलाच राहतो. जीन्स आणि टॉवेल एका खेपेला, मुलांचे टेरिकॉटचे गणवेश आणि शर्ट दुसऱ्या. दोन्ही एकत्र टाकले तर गणवेश करपेपर्यंत जीन्सचा कमरपट्टा ओला असतो. आत टाकायच्या आधी ड्रायरची जाळी बघा. आधीच्या माणसाच्या कपड्यांचा तूस तसाच असेल तर काढून टाका, नाहीतर हवा फिरत नाही.

कपड्याच्या आतल्या पट्टीवर चौकोनात गोल असेल तर तो ड्रायरला चालतो. त्यावर फुली असेल तर नाही. गोलात एक ठिपका म्हणजे कमी उष्णता, दोन म्हणजे नेहमीची. इलॅस्टिक आणि ताणणारं कापड जास्त उष्णतेने लवकर सैल पडतं, म्हणून लेगिंग्ज आणि आतले कपडे मी कमी उष्णतेवरच सुकवते. नवे सुती कुडते पहिल्या खेपेला थोडे आटतातच. तेलाचे टॉवेल, स्वयंपाकघरातली तेलकट फडकी ड्रायरमध्ये कधीच टाकू नका. धुऊनही तेल राहतं, आणि गरम कपड्यांचा गठ्ठा तसाच पडून राहिला तर तो आतून तापून पेट घेऊ शकतो.

लाँड्रोमॅटच्या पत्रकावर ‘सर्व प्रकारचे डाग’ असं छापलेलं असतं. ते पत्रक कोकणात राहणाऱ्या माणसाने लिहिलेलं नसावं. आपले डाग वेगळे आहेत आणि ते घरीच, मोरीवर बसून, हाताने काढावे लागतात. ड्रायरमध्ये गेलेला डाग उष्णतेने कायमचा बसतो, हे पहिलं ध्यानात ठेवा.

तांबड्या मातीचा रंग लोहाचा असतो. चिखल ओला असताना चोळू नये. सुकू द्यावा, झटकावा, मग नुसत्या पाण्याने धुवावा. उरलेल्या तांबूस छटेला लिंबू आणि मीठ लावून उन्हात ठेवावं. क्लोरीनचं ब्लीच अजिबात नको, त्याने लोहाचा डाग आणखी पक्का होतो. कित्येक घरांत मुलांचे पांढरे मोजे याच कारणाने कायमचे पिवळे-तांबूस झालेले दिसतात. कोकमाचा आणि जांभळाचा रंग आम्लात लाल राहतो आणि साबण लागला की निळा-काळपट होतो, म्हणून आधी थंड पाणी आणि लिंबू किंवा व्हिनेगर, साबण सगळ्यात शेवटी. काजूच्या बोंडाच्या रसात टॅनिन असतं. वडीच्या साबणाने ते पक्कं होतं आणि पाण्यात लोह असेल तर काळं पडतं. तो डाग जात नाही. बागेत बोंडं वेचायला जाताना जुने कपडे घाला, त्याला दुसरा उपाय मला तरी सापडलेला नाही.

मासळीच्या वासाचं म्हणाल तर तो ज्या द्रव्यामुळे येतो ते अल्कलीसारखं वागतं, म्हणून आम्लाने दबतं. ह्यांचे बंदरावरचे कपडे मी आधी थंड पाण्यात खळबळून घेते, मग अर्धी वाटी व्हिनेगर टाकलेल्या बादलीत अर्धा तास ठेवते आणि त्यानंतर मशीनला लावते. असे कपडे थेट लाँड्रोमॅटमध्ये नेऊ नयेत. तिथल्या मुलाने सुरुवातीलाच अदबीने सांगितलं होतं, “वहिनी, बंदरावरचे कपडे एकदा घरी धुऊन आणाल का? मागून येणारे तक्रार करतात.” त्याचं बरोबर होतं. त्याच मशीनमध्ये पुढे कुणाच्या तरी बाळाचे कपडे जाणार असतात.

सासूबाईंचा आक्षेप मात्र वेगळा होता. “कुणाकुणाचे कपडे त्यात धुतात, माझं सोवळं तिथे जायचं नाही.” ते गेलंही नाही. गणपतीत पूजेचं सोवळं विहिरीवर धुऊन देवघरातच दोरीवर वाळलं. माझंही मत असंच आहे की प्रत्येक घरात चार कपडे असे असावेत जे घरच्याच पाण्याने धुतले जातात. बाकी स्वच्छतेसाठी मी एवढं करते: वॉशर वापरायचा असेल तर दाराच्या रबराच्या घडीत बोटाने बघते. तिथे केस, वाळू किंवा काळा थर असेल तर दुसरं मशीन घेते. रिकाम्या मशीनला एकदा गरम पाण्याने फिरवून द्या म्हटलं तर आमच्या इथे देतात.

आमच्याकडे दहा किलोपर्यंतच्या धुण्याचे दोनशे रुपये पडतात, ड्रायरच्या पाऊण तासाचे दीडशे. घरी हीटर न वापरता एका धुण्याला अर्धं युनिटही वीज लागत नाही. म्हणजे घरचं धुणं जवळजवळ फुकट, आणि सगळेच कपडे तिथे धुवायचे म्हटलं तर महिन्याचा आकडा मध्यमवर्गीय घराला झेपणार नाही. नुसतं सुकवण्यापुरतं गेलं तर आठवड्याला दोन खेपा होतात आणि तो खर्च चार महिन्यांपुरताच असतो. घरीच ड्रायर का घेत नाही, असंही विचारतात. साध्या स्वतंत्र ड्रायरला ओली हवा बाहेर काढायला भिंतीला भोक लागतं, दोन हजार वॉटच्या आसपासचा भार लागतो, आणि आमच्याकडे पावसात व्होल्टेजचा भरवसा नसतो. एकाच यंत्रात धुणं आणि सुकवणं देणारी मशीन बघितली. ती धुतलेल्या कपड्यांपैकी साधारण अर्धेच एका वेळी सुकवू शकतात आणि त्याला कित्येक तास घेतात. वर्षातले आठ महिने कडक ऊन असताना एवढं यंत्र नुसतं ठेवून द्यायचं, हे पटत नाही.

पाण्याचाही विचार करा. आमच्या विहिरीचं पाणी मऊ आहे, साबण थोडका पुरतो. किनाऱ्याला लागून असलेल्या घरांतलं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं, त्यात फेस येत नाही आणि कपडे कडक राहतात. तिथल्यांना पाणी मऊ करून वापरणारं लाँड्रोमॅट एप्रिल-मेमध्ये जास्त उपयोगी पडेल. पावसाळ्यात ओसंडणाऱ्या विहिरी मेमध्ये तळ गाठतात. टॉप लोडला एका धुण्याला शंभर लिटरच्या वर पाणी लागतं, फ्रंट लोडला त्याच्या निम्मं. त्या दिवसांत चादरी आणि पडदे बाहेर धुवायला नेणं शहाणपणाचं. पण घरच्या धुण्याचं शेवटच्या खळबळीचं पाणी आमच्याकडे केळीला आणि अळूला जातं, ते मला मोलाचं वाटतं.

तक्रारी आहेत. ऐन गणपतीच्या आधी चाकरमानी गावाला येतात, घरोघरी अंथरुणं-पांघरुणं निघतात आणि लाँड्रोमॅटमध्ये बसायला जागा नसते. शनिवार-रविवारी लॉजवाल्यांच्या चादरींचे ढीग असतात. मधल्या वारी सकाळी आठला गेलं की मशीन मोकळी मिळतात. एकदा मध्येच लाइट गेली आणि कपडे कुलूपबंद वॉशरमध्ये तासभर अडकले. जनरेटर आहे, पण तो सगळ्या मशीनना पुरत नाही. पाणी पिळून झाल्याशिवाय दार उघडत नाही, ते सुरक्षिततेसाठी योग्यच आहे, पण शाळेची वेळ जवळ आली असेल तर जीव टांगणीला लागतो.

दसऱ्यानंतर ऊन पडलं तेव्हापासून रोजचे कपडे पुन्हा अंगणातल्या दोरीवर वाळतायत. उन्हात वाळलेल्या कपड्याला जो कोरा वास येतो तो ड्रायरने येत नाही. आता लाँड्रोमॅटला जाते ती जड रजयांसाठी. त्या घरच्या मशीनमध्ये भिजल्या की मोटरवर ताण येतो आणि हाताने पिळणं सासूबाईंच्या गुडघ्यांना झेपत नाही. वीस किलोच्या मोठ्या मशीनमध्ये दोन रजया एकदम होतात.

मालकांना मी एक गोष्ट सुचवली आहे. ड्रायरचे पैसे पाऊण तासाच्या ठोक हिशेबाने न घेता दहा-दहा मिनिटांनी घ्यावेत. टेरिकॉट वीस मिनिटांत सुकतं, पैसे मात्र पंचेचाळीसचे जातात. मे संपेपर्यंत तसं करू म्हणालेत. झालं तर पुढच्या पावसाळ्यात मुलांचे गणवेश रोजच्या रोज सुकवून आणता येतील.