अँप्लिफायर मोड्यूल आणि "मॅचिंग कार्ड": माझे ७,५०० रुपये गेले, तुम्ही तरी वाचा

लिहू की नको असं महिनाभर चाललं होतं, कारण लाज वाटते. चौदा वर्षं हातात सोल्डरिंग आयर्न आहे, वाडीतले निम्मे अँप मीच दुरुस्त करतो, आणि मलाच गंडवलं.

आमचं कुडाळ तालुक्यातलं भजन मंडळ. चतुर्थीला घरोघरी भजनं असतात, जुन्या साउंड सेटचा आवाज पखवाजाच्या थापेला फाटायचा म्हणून ह्यावर्षी घरीच नवीन बनवायचा ठरवला. मंडळाचे ५,००० आणि वरचे माझे. ऑनलाइन एकजण टीपीए ३२५५ ह्या अँप्लिफायर चिपची मोड्यूल्स, म्हणजे तयार बोर्डं, विकत होता, दोन नग ३,८५० रुपये. पैसे यूपीआयने आधी, बिल "पार्सलमध्ये येईल". बिल आलं नाही हे सांगायला नकोच.

मोड्यूल आलं, २४ व्होल्टचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) जोडला, आवाज एकदम बारीक. फोन केला तर म्हणतो, "सर तुमचा इनपुट सिग्नल मॅच होत नाहीये, मॅचिंग कार्ड लागेल, १,४५०." आता इथे मला मूर्ख म्हणण्याआधी ऐका. त्याचं बोलणं खोटं नव्हतं! ३२५५ चा गेन, म्हणजे सिग्नल किती वाढवतो ते, २१.५ डीबी, म्हणजे साधारण बारा पट. आमच्या छोट्या मिक्सरचा आउटपुट मी मीटरवर मोजला तर जेमतेम अर्धा व्होल्ट. बारा पट केले तर ६ व्होल्ट, ४ ओहमच्या स्पीकरवर ९ वॅट. २४ व्होल्ट सप्लायवर पूर्ण वाजायचं तर इनपुटला दीड व्होल्टच्या आसपास पाहिजे. मध्ये प्रीअँप, म्हणजे सिग्नल आधीच वाढवून देणारं सर्किट, लागतोच. गणित बरोबर होतं म्हणून मी विश्वास ठेवला, कोणीही ठेवला असता.

पण त्याने कार्डाचा फोटो पाठवला होता, पैसे द्यायच्या आधी. तो फोटो मी मोठा करून बघितला. दोन आरसीए इनपुट, दोन आउटपुट, एक नॉब, आठ पायांचा आयसी, मागे निळं टेबल मॅट, कार्डाच्या कोपऱ्यावर तिरका चरा. आणि सप्लाय जोडायचा टर्मिनल कुठेच नाही. सिग्नल वाढवणारं कार्ड आणि त्याला वीजच नको? हे मी दहावीच्या पोराला शिकवतो! पण चतुर्थीला अकरा दिवस, बुवा रोज विचारतायत, पाऊस असा की लाईट दिवसातून चारदा जाते, मिळेल तेवढ्या वेळात काम उरकायचं. बघितलं आणि पैसे पाठवले. रात्री अजून तो फोटो डोळ्यासमोर येतो.

कार्ड आलं. आयसीवर ५५३२ छापलेलं, पाय ४ आणि ८ ला सप्लाय हवा, मीटर लावला तर ते दोन्ही पाय कशालाच जोडलेले नाहीत. सिग्नल नुसता नॉबमधून जातो, म्हणजे कमी होईल, वाढणार कधीच नाही. मग विकणारा म्हणाला मोड्यूल फॉल्टी असेल, बदलून देतो, २,२०० डिपॉझिट भरा, परत मिळेल. भरले. हो, तेही भरले, कारण आधीचे ५,३०० वाचवायचे होते. त्याच संध्याकाळी नंबर ब्लॉक.

मग एका मोड्यूलचा हीटसिंक, म्हणजे चिप थंड ठेवणारा धातूचा ठोकळा, काढला. ३२५५ ला वरच्या बाजूला धातूची पट्टी असते, तीच हीटसिंकला टेकते. इथे पेस्ट पुसल्यावर खाली नुसतं काळं प्लास्टिक, त्यावर पॉलिशपेपरचे बारीक ओरखडे. पाय मोजले, ४४ पाहिजेत, ३२ भरले. म्हणून सांगतो, मोड्यूल आलं की पहिल्याच दिवशी हीटसिंक काढून बघा, आणि काढताना व्हिडिओ करा.

तालुक्याच्या ठाण्यात गेलो तर हवालदार म्हणतात, "वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कसली?" दोन तास बाकड्यावर बसवून अर्ज घेतला, पोच दिली नाही. दुसऱ्या दिवशी पोच मागायला गेलो तर साहेब बंदोबस्ताला, गणपतीनंतर या. बँकेत म्हणाले पिन तुम्हीच टाकला, आम्ही काय करणार. परत ठाण्यात, तर तिथे बँकेचं पत्र आणा, बँक म्हणते आधी पोलिसांचं पत्र. तीन खेपा, एसटीचं भाडं, बुडालेले दिवस, आणि वर "सात हजारांसाठी एवढं काय" हे ऐकायचं. सात हजार पाचशे! त्यात लोकांची वर्गणी आहे! ती मी खिशातून भरली. बुवा एवढंच म्हणाले, "बाजारात जावन बघून हाडूक काय झाला होता?" उत्तर नव्हतं.

पैसे गेले की त्याच तासाला १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा, मी सहा दिवस वाट बघत बसलो ती चूक. पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नका. डिपॉझिट मागितलं की संपलं, तिथेच फोन ठेवा. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही, मी आता ओरोसला, आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी, तक्रार टाकतोय, म्हणून दुसरं मोड्यूल उघडलेलं नाही, पाकिटासकट ठेवलंय.

काल मित्राने एक जाहिरात पाठवली. विकणाऱ्याचं नाव वेगळं, कार्डाचा भाव आता १,६५०. फोटो तोच, तेच निळं मॅट, कोपऱ्यावर तोच तिरका चरा.