मेमरी क्लिनिकची तपासणी, एचआयव्ही असलेल्या पन्नाशीपुढच्यांसाठी: ४ स्टार

गोळ्या बरीच वर्षं चालू आहेत, व्हायरल लोड अनडिटेक्टेबल (म्हणजे रक्तातला व्हायरस टेस्टमध्ये दिसणार नाही इतका कमी), तरी ओळखीच्यांची नावं आठवेनात आणि हिशेब करताना मध्येच अडायला व्हायचं, म्हणून ही तपासणी करून घेतली.

सुरुवातीला छोटी टेस्ट असते, इंटरनॅशनल एचआयव्ही डिमेन्शिया स्केल (डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश). चार शब्द सांगून ठेवतात, मग अंगठा आणि पहिलं बोट भराभर टॅप करायचं, मग टेबलावर मूठ, पालथा तळवा, नंतर हात करंगळीच्या कडेवर उभा, हे फटाफट आणि तेही सवयीच्या नसलेल्या हाताने, म्हणजे डावखुऱ्याने उजव्या आणि बाकीच्यांनी डाव्या (इथे सगळ्यांचीच तारांबळ उडते), शेवटी ते चार शब्द विचारतात. १२ पैकी १० किंवा कमी आले तर पुढची सविस्तर तपासणी, कमी मार्क म्हणजे लगेच डिमेन्शिया असं काही नाही.

पण खरे पैसे वसूल झाले ते डॉक्टरांशी बोलताना. व्हायरस न्यूरॉनमध्ये, म्हणजे विचार करणाऱ्या मेंदूच्या पेशींत, सहसा शिरतच नाही, तो मायक्रोग्लिया आणि मॅक्रोफेज या मेंदूतल्या राखणदार पेशींत दबा धरून बसतो, मग त्या चिडून जी रसायनं सोडतात ती आणि जीपी१२०, टॅट ही व्हायरसची प्रोटीन्स मिळून न्यूरॉनच्या फांद्या आणि सायनॅप्स (दोन न्यूरॉनमधले सांधे) खराब करतात, म्हणजे पेशी मरायच्या आधीच जोडण्या विरळ होतात आणि विचाराचा वेग पडतो. वयाने तसंही मायटोकॉन्ड्रिया (पेशीला ऊर्जा देणारे भाग) थकतात, मायक्रोग्लिया जास्त तापट होतात, मग दोन्हीचा भार एकाच जागी. १९९६ पासूनच्या कॉम्बिनेशन गोळ्यांनी मोठा डिमेन्शिया खूप कमी झाला, सौम्य त्रास मात्र काहींना राहतो, कारण लपलेला व्हायरस गोळ्यांनी पूर्ण साफ होत नाही. हे इतकं सरळ मला आधी कोणी सांगितलं नव्हतं.

आवडलं म्हणजे सगळं एचआयव्हीवर ढकललं नाही. बीपी, शुगर, थायरॉइड, बी१२, झोप, डिप्रेशन सगळं बघितलं, एफाविरेन्झ ही एचआयव्हीची गोळी घेता का तेही विचारलं, त्याने चक्कर आणि विचित्र स्वप्नं पडतात ना.

एक स्टार कापला तो दोन गोष्टींसाठी. टेस्ट रिसेप्शनला लागून असलेल्या खोलीत, बाहेर फोन वाजतायत आणि आपण शब्द आठवतोय. आणि जाताना ब्रेन गेम ॲपचं वर्षाचं पॅकेज गळ्यात मारायला बघतात, मी नाही घेतलं, गेममध्ये हात बसला की गेमच चांगला जमतो, बाकी रोजच्या कामात फरक पडेलच असं नाही.

जाणार असाल तर चष्मा, ऐकायचं मशीन आणि सगळ्या गोळ्यांची यादी सोबत ठेवा, आणि रात्रभर जागून जाऊ नका, स्कोर उगाच पडतो.