शटर बदलावं की बॉडीच?

यंदा विसर्जन मिरवणुकीत अलका चौकात माझ्या निकॉन डी७५० कॅमेऱ्याच्या शटरची, म्हणजे प्रकाश आत सोडणाऱ्या पडद्याची, एक पात वाकली; प्रत्येक फोटोत काळी पट्टी. कंपनीने हे शटर १,५०,००० क्लिकपर्यंत तपासलेलं असतं, पण तो आकडा म्हणजे मुदत नव्हे. कुणाचं आधी जातं, कुणाचं दोन लाखांपुढेही चालतं.

शटर बदललं तर खर्च नव्या बॉडीच्या (लेन्सशिवायच्या कॅमेऱ्याच्या) मानाने किरकोळ, आणि बटणं बोटांना पाठ. फोटो टिपणारा सेन्सर मात्र जुनाच.

निकॉनच्याच नव्या झेड८ कॅमेऱ्यात मेकॅनिकल (हलत्या पात्यांचं) शटरच नाही, म्हणजे झिजण्याचा प्रश्नच मिटला. पण जुन्या लेन्सना अडॅप्टर (जोडणारी कडी) लागतो, आणि माझ्या लाडक्या ५० एमएम एएफ-डी या जुन्या लेन्सचा ऑटोफोकस त्यावर चालत नाही! मी शटरच बदललं. बॉडीत पाणी गेलं असतं, तर नवीच घेतली असती.